सोपानचा दोर कुणी सोडला
मंडळी, समदं घोटावडं हितं गोळा झालंय. सोपानच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलंत. मी हमीद मुलाणी. सोपानच्या दोराचा माणूस.

ताम्हिणीपातूर किती विहिरींचा गाळ काढला आमी. त्यो खाली, मी वर. त्यो बुडी मारायचा, त्याच्या कंबरंचा दोर माझ्या हातात. दोर धरलेल्याला आपल्यात कुणी रामराम सुदिक घालत न्हाई. पाव्हणा आला तरी गप उभा ऱ्हातो. एकदा माझी आई बांधावरनं वरडत आली, अब्बा पडलेत म्हणून. मी मान वळवली न्हाई. सोपान वर आला, मग पळालो. त्यो म्हनला, "लेका, आधी जायचं व्हतंस की." म्या म्हनलं, "आन् तू?" हसला नुसता.

मग समुद्रात तेल गावलं. धरणात पवणारी माणसं पायजेत म्हणून जीप आली मुळशीत. सोपान तिच्यातनं गेला, मी हितं दुकान टाकलं. पाण्यात लोखंडाचे पाय रोवायचे, वर प्लॅटफॉर्म. आधी उथळ पाण्यात व्हतं, तवर ठीक. फुडं तेल आणखी खोलात गावलं, तसे पाय लांब झाले. त्या पायांचे जोड तपासायला खाली सोपान. पाय लांब केले हो, पर वर दोर धरायला माणूस येकच ठेवला. त्यालाच दुसरी कामं.

दोरावरचा गडी परवा माझ्या दुकानात आला. नाव सांगणार न्हाई, त्याला पोटपाणी हाय. ढसाढसा रडला. सोपान खाली असताना ह्याला साहेबांनी हाक मारली, क्रेनपाशी ये म्हणून. त्यानं दोर कठड्याला बांधला आन् गेला. वर वढ म्हणून खाली सोपाननं दोराला हिसके दिले असतील. दिलेच असतील. कठड्याला कळतंय व्हय, कोण वढतंय ते? माझा सोपान खालीच ऱ्हायला.

सोपानला वाटलं आसंल, दोर धरलेल्याला कुणी हाक मारत न्हाई. आपल्या गावाचा रिवाज त्यो समुद्रात घिऊन गेला. हितंच चुकला माझा गडी.

आन् हाक मारणारे साहेब? ते काय फुडच्या रांगंत, हार घिऊन बसल्यात. काल सोपानच्या घरी जाऊन सुमनवयनींना सांगून आलेत, सोपाननं आपल्या हातानं दोर सोडला म्हणून. त्याची पोरं ऐकत व्हती. बाप येडेपणानं मेला, असं मनात घिऊन ती पोरं जगणार?

साहेब, उठू नका. हार खाली ठिवा. शोकसभेत असं बोलू नये म्हंत्यात. मी बोलणार. मला तुमचा राग येतोय, लई येतोय, आन् त्यो मला जाऊ द्यायचा न्हाई. माणसं न्यायला तुमची जीप ज्या गावात जाईल, तितं मी तुमच्या आधी पोचीन. येकेका आईला सांगीन, ह्यो माणूस दोर धरलेल्याला हाक मारतो म्हणून. मी जित्ता हाय तवर मुळशीतनं तुमाला येक माणूस मिळणार न्हाई.

आता समदे उभे ऱ्हावा. सोपानसाठी गप ऱ्हायचंय. घड्याळ बघू नका. साहेब, तुमी वयनींम्होरं जावा आन् दोरावरच्या गड्याला कुणी बोलावलं ते पोरांना ऐकू जाईल असं सांगा. तुमी सांगस्तोवर हितं कुणी बोलणार न्हाई, कुणी बसणार न्हाई, आन् तुमच्या जीपला वाट बी कुणी देणार न्हाई.