आईची एकुलती एक शिवी

शिवीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आमच्या आईच्या तोंडात एकच शिवी होती, "मुडद्या". तीही फक्त लाडक्या माणसांसाठी. शेजारचा हसन पिंजारी रोज सकाळी आमच्या चुलीतला विस्तव न्यायला यायचा आणि "घे मुडद्या" ऐकूनच परत जायचा.

उमरग्यात आम्ही बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पाळकसाहेब आईला म्हणाले, "ज्या तोंडानं देवाला आळवायचं, त्याच तोंडानं माणसाला मेला म्हणायचं का, बाई?" आईला ते लई लागलं. दुसऱ्या दिवशी ती हसनला म्हणाली, "घ्या हसनभाई, विस्तव घ्या."

हसन विस्तव न घेताच माघारी फिरला. निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वरीस. माणसं एकमेकांशी जपून बोलायला लागली होती. संध्याकाळी तो बायकोला घेऊन आला, डोळ्यांत पाणी. "मावशी, म्या परका कवा झालो?"

आई गडबडली. शिवी द्यावी तर देव रागावणार, न द्यावी तर हसन तुटणार. मग एकदम कडाडली, "घे रं जित्या, उचल की विस्तव! शंभर वर्षं जग!"

हसन रडता रडता हसला.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी विचारलंच, "बाई, गल्लीत परत तुमचा आवाज ऐकू येतोय. शिवी सुटली नाही का अजून?"

"शिवी तीच हाय, साहेब," आई म्हणाली, "फकस्त मढं उठून बसलंय."