कॉमिक्सले एक झूट माफ

मंडळी, बसा. मागचे बी पुढं या, खुर्च्या रिकाम्या आहेत. ऊर्जानगरच्या या हॉलमधी मी कितीक कार्यक्रमांचं सूत्रसंचालन केलं, कधी जीभ अडली नाई. आज माइक दोनदा हातात घेतला अन् दोनदा खाली ठेवला. आपले निकोडे सर गेले. ज्युनियर कॉलेजचे, फिजिक्सचे निकोडे सर. सकाळी छातीत दुखलं, दुपारी माणूस नाई. मी त्यायच्याच कॉलेजात मराठी शिकवते, त्यायच्या शेजारच्या क्वार्टरमधी राह्यते. मराठी शिकवत असली तरी आज मले शुद्ध बोलायले नका सांगू. रडू आलं का मले घरचीच भाषा येते.

अन् आज मले नुसतं बोलायचं नाई, एक उत्तर बी द्यायचं आहे. सरायच्या पत्नी, मंदाताई, समोर बसल्या आहेत. सर गेल्यावर त्यायनं माझा हात धरला अन् म्हणाल्या, "कुंदा, यायच्या त्या कॉमिक्समधी दुसरी दुनिया राह्यते ना? इथी मेलेला माणूस तिथी जिता राह्यते. तसं खरंच असंल का वं?" मले कुठी फिजिक्स येते? म्हटलं, ताई, मले जरा वेळ द्या. तो वेळ आज संपला.

हा प्रश्न सरायले बी एकानं विचारला होता. ते सांगतेच. पण आधी सरायची रविवारची शाळा सांगू द्या, नाईतर ज्यायनं ती पाह्यली नाई त्यायले काय समजंल?

रविवारी सकाळी क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात सतरंजी पडे. एक पोरगी नाईतर पोरगा सुपरहिरोचं कॉमिक्स मोठ्यानं वाचे. बाकीच्यायनं ऐकायचं, अन् झूट आलं का सतरंजीवर थाप मारायची. पहिलं झूट माफ. दुसऱ्यापासून हिरोनं जवाब द्यायचा! नियमच होता तो.

माणूस मुंगीएवढा झाला. थाप! सर म्हणत, "हे माफ. हे नसंल त गोष्टच होणार नाई." पान उलटलं, तो अणूहून बी लहान झाला. मंग सर सरसावून बसत. "आता हा श्वास कायचा घेते बाप्पा? हवेचा कणच त्याच्या नाकाहून मोठा झाला! अन् पाहते कायनं? उजेडाची लाट याच्या डोळ्यात मावंल का?" तितक्यात हिरो परत मुंगीएवढा होऊन गुंडाले ठोसा हाणून पाडे. "वजन राह्यलं का गेलं? राह्यलं असंल त फरशी फोडून खाली जाईल. गेलं असंल त ठोसा डासाचा! एका पानावर राह्यलं अन् दुसऱ्यावर गेलं, असं नाई चालत." पोरं हसून हसून लोळत, अन् हसता हसता वस्तुमान शिकून जात.

मले वाटे, हा माणूस कॉमिक्सची टर उडवते. अजिबात नाई! जीव होता त्यायचा कॉमिक्सवर. एकदा मले म्हणाले, "कुंदाबाई, इलेक्ट्रॉन भिंतीतून पार होते, ही केवढी नवलाची गोष्ट आहे! पुस्तकात ती एका ओळीत उरकते. कॉमिक्सवाला तिच्यासाठी चार पानं रंगवते. फक्त इलेक्ट्रॉनच्या जागी अख्खा माणूस पाठवते." मी विचारलं, अन् माणूस काऊन नाई जाणार? "जाईल ना! भिंतीले धडका देत राहा. सूर्य विझंल, पण भिंत सोडणार नाई."

एका हिरोनं नुसतं टक लावून पाह्यलं अन् दुनिया बदलली. त्यावर सर पोरायले म्हणाले, "पाहणं म्हणजे डोळे वटारणं नाई. धानाच्या बांधीतलं पाणी किती नितळ आहे, ते पाय टाकून पाहा. पाय टाकला का गढूळ झालं. अणूइतक्या लहान दुनियेत पाहायले गेलं का असा पाय पडतेच." मंग स्वतःच थांबले. म्हणाले, "हे उदाहरण बी अर्धंच खरं आहे. मारा थाप." अन् पोरायनं मारली हो! सरायच्या चेहऱ्यावर काय आनंद होता तेव्हा.

घुग्घुसच्या बाजारात एक जण गुडघेदुखीवर हातात घालायचं 'क्वांटम कडं' विकत होता. सर तिथंच भिडले. तो म्हणे, "सर, कॉमिक्समधी चालते, मंग इथी काऊन नाई?" सर म्हणाले, "कॉमिक्सवाला आधीच सांगते का मी गप्पा हाणून राह्यलो. तू सांगितलं का?" इतकं भांडले, इतकं भांडले, का भाजी आणायची राहूनच गेली. मंदाताईनं त्या दिवशी कोरड्या चटणीसोबत जेवू घातलं. सर तेही हसत जेवले.

आता तो प्रश्न. धनराजभाऊ, सांगू ना? मान हलवली त्यायनं. धनराजभाऊ घुग्घुसले कोळशाचा ट्रक चालवतात. त्यायची पल्लवी सरायच्या वर्गात होती. रविवारी हटकून येई, अन् थाप सगळ्यात जोरात तिचीच. तापाचं निमित्त झालं अन् पोरगी गेली. त्यानंतर एका रविवारी भाऊ व्हरांड्यात आले. पल्लवीनं घरी नेलेलं कॉमिक्स हातात. त्यात मेलेला हिरो दुसऱ्या पृथ्वीवर जिता होता. भाऊ म्हणाले, "सर, हे खरं का झूट? माही पोरगी तिथी असंल का?"

मी चहाचे कप घेऊन दारातच थांबली. मनात म्हटलं, सर, आज माफ करा. हो म्हणा.

सर खाली सतरंजीवर भाऊच्या जवळ जाऊन बसले. म्हणाले, "धनराजभाऊ, काही शास्त्रज्ञ तसं मांडतात. मी त्याले झूट म्हणत नाई. पण तिथी जायची वाट नाई, तिथून निरोप येत नाई. अन् एक सांगू? तिथी असलीच कोणी, त तिचा बाप बी तिथीच आहे. ती त्याची पोरगी. तुमची पल्लवी इथी होती. तुमच्या ट्रकच्या केबिनमधी बसून कॉलेजात आली ती तुमची. आमच्या सतरंजीवर बसली ती तुमची."

भाऊ उठले अन् चहा न घेता निघून गेले. मी सरायवर अशी चिडली! म्हटलं, 'असंल' म्हटलं असतं त तुमचं काय जात होतं? सरायचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "कुंदाबाई, मंग तो माणूस जन्मभर दुसरीकडंच पाहत राह्यला असता. पोरगी त इथी वाढली ना."

पुढं एका रविवारी भाऊ परत आले. सतरंजीवर बसले. वाचणाऱ्या पोरीच्या हातून कॉमिक्स घेतलं अन् अडखळत अडखळत स्वतः वाचलं. मंग पल्लवी कशी हट्टानं केबिनमधी बसे, कशी सगळ्या वाटभर बडबडे, ते सांगत राह्यले. सर ऐकत राह्यले. त्या दिवशी कॉमिक्स अर्धंच राह्यलं.

मंदाताई, माह्याकडं पाहा. मले बी 'हो' म्हणावंसं वाटून राह्यलं, देवाशपथ. पण नाई वो ताई. तिथी कोणी निकोडे सर असतीलच, त त्यायच्या शेजारी त्यायची मंदा बसली असंल. ते तुमचे नाई. तुमचे इथी होते. बाजारात भांडून रिकामी पिशवी घेऊन येत होते ते तुमचे. पोरायपुढं चुकलो म्हणत होते ते तुमचे. ते गेले, ताई. रडून घ्या. आम्ही कोणी तुमाले गप्प करणार नाई.

मंडळी, आता उभे राहा. आपण थोडा वेळ काई बोलायचं नाई. पण माही एक विनंती आहे. आज फोटोकडं तोंड करू नका, डोळे बी मिटू नका. मंदाताईकडं तोंड करून उभे राहा. त्यायले दिसू द्या, इथी किती जण आहोत.