नाण्याचे वळ

(मेकाँगच्या काठावरचा तालुक्याचा दवाखाना. दुपार.)

सेनआजी : हेच ते नाणं, डॉक्टर. चांदीचं, माझ्या आईचं. ह्यानंच घासली मी त्याची पाठ.

डॉ. ख्वे : आजी, ठेवा ते आत. तुमच्या नातवाला, तोमला डेंग्यूनं नेलं. नाण्यानं नाही.

सेनआजी : लेक म्हणते, नाण्यानंच. पाठीवरचे लाल वळ बघितले आणि किंचाळली, "आई, मारलंस माझ्या पोराला!" सायगॉनला परत गेली ती त्याचा फोटोसुद्धा घेऊन गेली. उदबत्ती कुणापुढं लावू मी? तुम्ही तिला फोन करा. तुमचं ऐकेल ती.

डॉ. ख्वे : करते की. नंबर सांगा.

सेनआजी : थांबा, आधी मला कळू दे. पोराला वारा लागून ताप चढला की आम्ही तेल लावून नाण्यानं पाठ घासतो. घासलं, आणि सकाळी ताप उतरला हो! गल्लीभर सांगत सुटले, म्हातारीचा हात अजून चालतो म्हणून. मुगाची पेज केली.

डॉ. ख्वे : तिथंच फसगत होते, आजी. ताप उतरतो तीच खरी धोक्याची वेळ.

सेनआजी : ताप गेल्यावर कसला धोका?

डॉ. ख्वे : रोग शिरला की रक्तातल्या लढणाऱ्या पेशी बारीक बारीक प्रथिनं सोडतात. ते त्यांचे निरोप. काही म्हणतात 'धावा', काही म्हणतात 'आता पुरे'. तोमच्या अंगात 'धावा'च फार झालं. ते रक्तवाहिन्यांच्या भिंतींनीही ऐकलं. तिथल्या पेशी काही लढणाऱ्या नव्हेत, नुसत्या एकमेकींचे हात धरून उभ्या असतात. त्यांनी हात सोडले. रक्तातलं पाणी बाहेर झिरपत गेलं.

सेनआजी : म्हणजे घरच्यांच्याच आरडाओरड्यानं गेला.

डॉ. ख्वे : तसंच म्हणा. वेळेवर सलाइन लागलं, तर बहुतेक पोरं वाचतात.

सेनआजी : वेळेवर म्हणजे? ताप उतरला त्याच दिवशी?

डॉ. ख्वे : हो. त्या दिवशी आणायचं नाही का सुचलं?

सेनआजी : सुचलं होतं. होडीवाल्याला बोलावलंही होतं. पावलं गार लागत होती त्याची, मला ते बरं वाटेना. पण लेकीला, लियूला फोन केला, तर म्हणाली, "ताप उतरलाय ना, आई? मग झोपू दे त्याला, उगाच होडीचा हेलपाटा नको. रविवारी कारखान्याला सुट्टी आहे, मी येतेच."

डॉ. ख्वे : आजी... तिची चूक नाही त्यात. सगळ्यांना तसंच वाटतं.

सेनआजी : मला पटलं. तिला पटेल?

डॉ. ख्वे : (फोन उचलत) मी समजावते तिला. नंबर सांगा.

सेनआजी : फोन ठेवा खाली.

डॉ. ख्वे : अहो, मग ती जन्मभर तुम्हालाच बोल लावेल!

सेनआजी : लावू दे.

डॉ. ख्वे : उद्या ती स्वतः येऊन विचारेल. मला खोटं नाही बोलता येणार.

सेनआजी : खोटं मी बोलेन, पोरी. तू नुसती गप्प राहा. माझ्यावर चिडलेली आहे, तोवर जगेल ती.