विरह संपला, डोकं धू!

नाही, पण मी म्हणतो, गाण्यानं कुणाचं काय घोडं मारलंय? माणसाला धरा, कोर्टात उभं करा, आत टाका, माझं काही म्हणणं नाही! पण गाणं? गाणं काय करणार बिचारं? आणि हे मी घरात बोलायला गेलो, तर ही काय म्हणते? "अहो, टॉवेल वाळलेत का बघा." झालं! संपली चर्चा!

ही म्हणजे आमची बायको. तुम्हाला सांगतो, हिचं बायकांचं पार्लर आहे, घराच्या पुढच्याच खोलीत. दोन खुर्च्या, दोन आरसे, केस वाळवायचं एक यंत्र, आणि मी निवृत्त झाल्यापासून एक मी. टॉवेल धुणे, टॉवेल वाळत घालणे, जमिनीवरचे केस झाडणे आणि चाललेल्या गप्पांत तोंड न घालणे, एवढी खाती माझ्याकडे. शेवटचं सगळ्यात अवघड.

आता इतर ठिकाणी काय करतात, केसांना रंग लावला की घड्याळ बघतात. आमच्याकडे भिंतीवर घड्याळच नाही! ही म्हणते, समोर घड्याळ असलं की गिऱ्हाईक चुळबुळ करतं. म्हणून सगळा कारभार गाण्यांवर, आणि तोही एकाच गायकाच्या. नाव नाही घेत मी. घरात घ्यायचं नाही असं ठरलंय, आणि आता बाहेरही जीभ वळत नाही. तर, तपकिरी रंग असला की नुसतं विरहाचं गाणं. काळा असला की विरह आणि त्यानंतर लग्नाचं. मुळापासून पांढरे असतील तर विरह, लग्न आणि वर अंगाई! बायकांना पाठ झालं होतं हो! डोळे मिटून बसलेली बाई आपण होऊन ओरडायची, "अगं, विरह संपला, डोकं धू माझं!"

आणि आवाज काय होता त्याचा! खोटं कशाला बोलू? अंगावर काटा यायचा. त्याच्या मागे साथीला एक बाई असायची. तो ओळ संपवायचा आणि ती मागून नुसतं "आऽऽ" करायची. शब्द नाही, काही नाही, नुसता आकार. पण तो "आऽऽ" आला ना, की हातातला टॉवेल हातातच राहायचा.

तर त्या बाईला मारलं हो त्यानं! रेकॉर्डिंग चालू असताना! का? तर तिचा सूर चढला आणि वाजवणारे तिला "वा!" म्हणाले. तिला! त्याला नाही! उचलला लोखंडी स्टँड आणि घातला तिच्या तोंडावर. जबडा मोडला. वर सगळ्यांना दम, की ती जिन्यावरून पडली म्हणून सांगा. ती पुन्हा गाऊ शकली नाही. खटला चालला तेव्हा आम्ही आपले म्हणायचो, "छे हो, मोठ्या माणसांवर होतातच आरोप!" आणि एका दुपारी लागला की निकाल.

त्या दुपारी एका खुर्चीवर मुख्याध्यापिकाबाई. डोक्याला तपकिरी रंग, विरह निम्म्यावर आलेला. दुसरीवर वकीलबाई, मोबाइल बघत. एकदम म्हणाल्या, "अगंबाई! दोषी ठरला! कैद झाली!" हिनं हातातला कंगवा खाली ठेवला, शांतपणे गेली आणि बटण बंद केलं. विरह मध्येच तुटला!

आणि मग जी चर्चा पेटली म्हणता! हा असा कसा, आणि तो तसा कसा... आणि तुम्हाला सांगतो, गाणं थांबलं म्हणजे वेळ थांबला, असंच धरून चाललो आम्ही सगळे! इतक्या वर्षांची सवय! मुख्याध्यापिकाबाईंचं डोकं धुतलं तेव्हा ते जांभळं निघालं. म्हणजे वांगं! दुसऱ्या दिवशी बाई वर्गात शिरल्या तर मुलं उभी राहायचंच विसरली.

वकीलबाई म्हणजे... कसं सांगू... त्या केस कापून घेतानाही बाजू मांडतात. "हे बघ, कला वेगळी, कलाकार वेगळा. शिवाय त्याला शिक्षा झाली ना? मग तू कोण परत शिक्षा देणारी? आणि तुझ्या एकटीच्या बटणानं त्याला काय फरक पडतो?" मी मागून मान डोलावली. हिनं आरशातून बघितलं. मी मान झाडायला घेतली... म्हणजे जमीन.

ही काय म्हणाली असेल? कात्री चालूच हां! म्हणाली, "ताई, शिक्षा कोर्टानं दिली. ती भोगून बाहेर आल्यावर त्यानं कुठेही गावं, मी आडवी जाणार नाही. पण माझ्या दुकानात कुणाला बोलवायचं ते मी ठरवणार की नाही?" 

मला राहवलं नाही. म्हटलं, "अगं, पण गाण्यानं कुणाचं काय घोडं मारलंय?"

तर म्हणाली, "गाण्यानं काही नाही केलं. पण ते लावलं की मागे ती ऐकू येते. मजेत गातेय हो ती त्यात. तिला ठाऊक नाही पुढे काय होणार ते. मला ठाऊक आहे. मी इथे उभी राहून कुणाच्या तरी बटा कशा कापू?"

वकीलबाईंनी डोकं खाली घातलं, आणि ते मात्र हिनं लगेच वर केलं, कारण बट तिरकी गेली असती.

बाईमाणूस म्हणावं तर हे! मी तर आयुष्यभर साहेब म्हणेल ते "होय साहेब" करत आलो. पण कौतुक एका जागी आणि धंदा एका जागी! मी बाजारातून गजराचं एक छोटं घड्याळ आणलं. ते असं किंचाळायचं, की खुर्चीवरची बाई टुणकन उडायची आणि हिची कात्री हवेत! एकीच्या कपाळावर नको तिथे झुलूप आलं. घड्याळ गेलं माळ्यावर. मग अंदाज. अंदाजानं कुणी लाल, कुणी निळसर! समोरच्या रस्त्यावरच्या पार्लरवालीनं मुद्दाम तीच गाणी मोठ्यानं लावायला सुरुवात केली. आमच्या बायका एकेक करून पलीकडे! इकडे एक खुर्ची दिवसभर रिकामी. मी म्हटलं, "अगं, बंद पडेल दुकान!" म्हणाली, "पडलं तर पडलं. टॉवेल तरी कमी धुवावे लागतील तुम्हाला." रात्री कूस बदलत पडलेली असायची, ते काय मला कळत नव्हतं?

फक्त मुख्याध्यापिकाबाई यायच्या. जांभळं डोकं घेऊन! म्हणायच्या, "केस उगवतील गं. मी कुठे जाणार?"

आणि मग शिक्षा भोगून तो सुटला. सुटला आणि थेट कार्यक्रमच लावला! वकीलबाईंनी मला रस्त्यात गाठून पास दिला, पहिल्या रांगेचा. मी इस्त्रीचा सदरा घातला आणि हिला म्हटलं, "जरा बँकेत जाऊन येतो."

"रविवारी?"

मी लावलेलीच बटणं परत लावायला लागलो.

"जा हो," म्हणाली, "मी माझे कान बंद केलेत. तुमचे नाही." भांडली असती तर बरं झालं असतं!

गेलो. सभागृह तुडुंब. तो आला, लोक उभे राहिले, टाळ्या! विरह सुरू केला... आणि आवाज तसाच हो! तोच! माझ्या डोळ्यांत पाणी. मी मनात म्हटलं, बघ, गाण्यानं कुणाचं काय घोडं मारलंय? तेवढ्यात "आऽऽ"ची जागा आली. मागे नवीन मुलगी होती, पोरगीच. तिचा माइक त्याच्यापासून हा एवढा लांब! त्यानं सूर लावायला हात वर केला, नुसता हात हो, गाणाऱ्याचा असतो तसा... आणि ती पोरगी मागे सरकली. आणि मग "आऽऽ" केलं. इतकं हळू, की बाजूचा मला म्हणाला, "हिला काही वरचं जमत नाही."

मी उठलो. पहिल्या रांगेतून उठायचं म्हणजे सगळ्यांचे पाय तुडवत! "अहो बसा ना," "काय झालं?" "पोट बिघडलं का?" म्हटलं, हो. घरी आलो. हिनं ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंना रंग लावलेला. मी टॉवेलच्या घड्या घालतोय. आणि ही एकदम थबकली. "अहो, काय गुणगुणताय?"

मेलो! म्हटलं, "त्याचं नाही गं! शपथ! तिचं... मागचं. तेवढंच." आणि खरंच हो, त्याच्या ओळींना मी गप्प बसत होतो, आणि जागा आली की "आऽऽ". माझं मलाच कळलं नव्हतं!

ही आरशात बघत राहिली. हिचे डोळे भरलेले मी फार वेळा पाहिले नाहीत. मग नाक पुसलं आणि म्हणाली, "पुन्हा म्हणा. सुरुवातीपासून. आणि गप्प राहायच्या जागा नीट सोडा, बाईंच्या डोक्याला रंग आहे." मी म्हटलं. शेवटचा "आऽऽ" झाला, डोकं धुतलं, आणि तपकिरी निघालं! हवं तसं! बाईंनी आरशासमोर टाळी वाजवली.

आता बातमी पसरलीय. बायका परत यायला लागल्यात, वकीलबाईसुद्धा. म्हणतात, मी कला वेगळी म्हणत होते, ती ही अशी वेगळी करता येते हे ठाऊक नव्हतं! मी खोलीच्या मधोमध टॉवेल घेऊन उभा. तो गात असायचा तिथे गप्प. नुसता उभा. मग "आऽऽ"! परत गप्प. खुर्चीवरून आवाज येतो, "अहो, कितवा 'आ' झाला?" ही म्हणते, "त्यांच्याशी बोलू नका, रंग चुकेल."

लग्न झाल्यापासून ह्या घरात मला तोंड उघडायची सोय नव्हती. आता मिळालीय, तर ती नुसतं "आऽऽ" करायला!