केशरी पातळ

जयराम : औषध नंतर कालवतो. आधी सांग, त्या लहान ड्रोनची पेटी गाडीत कशाला घातलीस?

मनाली : मयूर येतोय चारला, इथेच शेतावर. त्याला देऊन टाकतेय.

जयराम : देऊन टाकतेय म्हणजे?

मनाली : लग्नांची शूटिंगं आता तोच करतो. मला काय उपयोग त्याचा? मी मक्यावर फवारणी करते, मला हा मोठा ड्रोन बास झाला. पप्पा, पाणी दहाच लिटर घ्या.

जयराम : तेहतीस वर्षं एस.टी.च्या इंजिनात तेल मापून घातलंय. मला दहा लिटर शिकवू नको. त्या लहान ड्रोनमधल्या शूटिंगचं काय?

मनाली : कार्ड पुसून देणार. रिकामंच देतात. चला, वारा पडलाय तोवर कोंडाजीभाऊंचे दोन एकर उरकू.

जयराम : कार्ड पुसू नको.

मनाली : काही नाहीये त्यात.

जयराम : कोकणातलं हाय.

मनाली : तुम्हाला कोणी सांगितलं?

जयराम : तुझ्या आईनं. परत आली त्या दिवसापासून जाईपर्यंत कॉलनीत एक बाई सोडली नाय तिनं. ‘मनालीनं माझं वरून शूटिंग घेतलं. मी पुढं, विमान मागं.’

मनाली : विमान?

जयराम : ड्रोन म्हणता येत होतं तिला. पण विमान म्हटलं की बायका जास्त ऐकायच्या.

मनाली : आणि एवढंच सांगितलं तिने?

जयराम : अजून काय सांगायचं होतं?

मनाली : मी नव्हतं घेतलं ते शूटिंग. चुकून झालं.

जयराम : चुकून कसं होईल?

मनाली : तिथे पोरं फळीवर उभी राहून लाटेवरून येतात. त्यांची स्पर्धा होती.

जयराम : लाटेवर उभं राहून जायचं कुठं?

मनाली : कुठे नाही. किनाऱ्यावर यायचं.

जयराम : मग पोहत का येत नाय?

मनाली : आईनेही हेच विचारलं होतं. तर मोबाइलवर त्या पोराभोवती चौकोन काढायचा, मग ड्रोन आपोआप त्याच्या मागे जातो. सगळ्यात चांगला पोरगा, दिवसातली सगळ्यात मोठी लाट. फेस उडाला आणि तो दिसेनासा झाला. ड्रोनने दुसरं जे ठळक दिसलं ते धरलं. आई गुडघाभर पाण्यात उभी होती, ते केशरी पातळ नेसून.

जयराम : मेनरोडवरून मीच घेतलं होतं. लांबून दिसावं म्हणून.

मनाली : दिसलं. चौकोन तिच्यावर जाऊन बसला. ती किनाऱ्याने चालायला लागली, तर ड्रोन तिच्या मागे. उन्हात मला स्क्रीन दिसेना. कळेपर्यंत त्या पोराची लाट गेली. मग मी ओरडले.

जयराम : कोणावर?

मनाली : तिच्यावर. सगळ्यांसमोर. ‘तुला कोणी बोलावलं होतं, घरी बसायचं होतंस.’ ती एक शब्द बोलली नाही. वर बघून कपाळाला हात लावला आणि निघून गेली. ड्रोन तेव्हाही तिच्यावरच होता, सगळं आलंय त्यात. ती वारल्यावर मी एकदाच बघितलं. परत हिंमत झाली नाही.

जयराम : दाखव.

मनाली : नको ना पप्पा. तुमच्याकडे तिचा फोटो आहे. पुण्यानुमोदनाला लावला होता तो.

जयराम : रेशनकार्डावरचा मोठा करून आणलेला. त्यात ती हलत नाय. अकरा महिने झाले मनाली. ती चालायची कशी, तेच आठवंना मला. काल घरात चालून बघितलं तिच्यासारखं. नाय जमलं. दाखव.

(मनाली कार्ड काढून मोबाइलला जोडते आणि मोबाइल त्याच्या हातात देते. तो मोबाइल कानाशी नेतो.)

जयराम : आवाज नाय का?

मनाली : वरून आवाज येत नाही. आला असता तरी नुसता पंख्यांचा आला असता.

जयराम : डावा पाय जरा ओढायची. बघ. हां, असंच. आता थांबव. मागं घे. कपाळाला हात म्हणतेस तो हा?

मनाली : हो.

जयराम : तळवा आडवा धरलाय, भुवयांच्या वर. ही टोपी हाय.

मनाली : कसली टोपी?

जयराम : आमच्या फोरमनची. वर्कशॉपात इंजिनांच्या आवाजात शेजारच्याचं ऐकू यायचं नाय. ती डबा घेऊन फाटकाशी यायची आणि हातानं बोलायची. टोपी म्हणजे साहेब. मूठ फिरवली की साहेब तापलाय. बघ, फिरवली. आता अंगठा मागं. म्हणजे मी निघते.

मनाली : पण तिथे साहेब कोण?

जयराम : तू. दुसरं कोण ओरडत होतं?

मनाली : ती पदर लावतेय, पप्पा. रडतेय.

जयराम : तोंडाला लावलाय. रडताना डोळ्याला लावायची. हसू आलं की तोंडाला. पुढचे दोन दात पडले होते ना.

मनाली : मला ही खूण माहीतच नाही. मला कशाला करेल ती?

जयराम : तुला नाय केली. वर बघून केलीय. मी हे बघणार, असं धरून चालली होती ती. दर आठ दिवसांनी विचारायची, ‘मनालीनं दाखवलं का?’

मनाली : मग मला का नाही विचारलंत?

जयराम : तीच म्हणायची, विचारू नका. पोरीला कामं असतात.

(मनाली मोठ्या ड्रोनची बॅटरी काढून ठेवते.)

जयराम : कोंडाजीभाऊ बांधावरून हात करतोय.

मनाली : करू दे. मयूरला ड्रोन देते. कार्ड नाही देत.

जयराम : बरं. परत लाव.

मनाली : हे शेवटी काय आहे? दोन बोटं दाखवतेय.

जयराम : दोन दिवसांनी येते म्हणते.

मनाली : आलो होतो आम्ही दोन दिवसांनी. तिला ठक्कर बाजारच्या स्टँडवर उतरवलं आणि मी तशीच पुढे कामाला गेले.

जयराम : माहीत हाय. मला रिटायर व्हायला महिना होता. त्या दिवशी डबल ड्युटी घेतली होती आणि किल्ली माझ्या खिशात. शेजारीण घरात बोलवत होती, पण गेली नाय. मी येईपर्यंत पायरीवरच बसून राहिली.