मावंद्याला न आलेले यात्रेकरू

दिनांक १३ नोव्हेंबर

मी, प्रियदर्शनी अंगद मस्के, वय २४ वर्षे, शिक्षण बी.ए. (राज्यशास्त्र), धंदा ऑनलाइन सेवा केंद्र, राहणार नेकनूर, ता. जि. बीड, ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

हवालदार सुग्रीव साहेबांनी मला पहिला प्रश्न केला, “घर हाय, लेक हाय, नातू हाय. मग म्हातारी माणसं परमुलखात कावून जात्याल?” या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. साहेब म्हणाले, “मग जे येतं ते सांग.” ते पुढीलप्रमाणे.

मी वरील पत्त्यावर आई छबुबाई, वय ५१, हिच्यासोबत राहते. वडील नऊ वर्षांपूर्वी वारले. आई पहाटेच्या एस.टी.ने बीडला एका खानावळीत भाकरी करायला जाते व संध्याकाळी परत येते. तिच्या भाकरीवर मी पदवीधर झाले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीधर नाही.

वैजिनाथ शेटे, वय ६३, यांना गावात सगळे अप्पा म्हणतात. ते एस.टी.त एकतीस वर्षे कंडक्टर होते. पेन्शन दरमहा ३१४० रुपये. निवृत्तीनंतर ते मुलाच्या, म्हणजे फिर्यादी केदारनाथ यांच्या, खत-बियाण्याच्या दुकानात बसत व राखणीला तिथेच झोपत. त्यांच्या पत्नी गंगासागरकाकू, वय ५९, या बीडला नातवाच्या खोलीवर असत, कारण नातू क्लासला आहे व त्याला बाहेरचे जेवण सोसत नाही. अशी चार वर्षे झाली. दोघांची भेट दिवाळीला आणि पंचमीला होत असे. याबद्दल त्यांनी कोणाकडे तक्रार केली नव्हती.

अप्पा रोज दुपारी माझ्या केंद्रातून काकूंना व्हिडिओ कॉल लावत. जेवलीस का, जेवला का, एवढेच बोलणे होई. नंतर दोघे फोन चालू ठेवून गप्प बसत. मी त्याचे पैसे घेतले नाहीत.

जून महिन्यात अप्पा मला म्हणाले, “बाई, एक इचारू? ह्या पेन्शनीत माणसाला जगात कुठं राहता यील?” मला गंमत वाटली, पण ते हसत नव्हते. केंद्रावर आलेल्या नागरिकाच्या प्रश्नाला पूर्ण उत्तर मिळाले पाहिजे असे माझे मत आहे. म्हणून मी चार दिवस बसून अकरा देशांचा तक्ता केला. परदेशात निवृत्त होऊन राहायला किती उत्पन्न दाखवावे लागते, ते त्यात होते.

अप्पा बोट ठेवत गेले. “पोर्तुगाल?”

“न्हाई जमत, अप्पा. महिन्याला ऐंशी हजाराच्या वर लागतंय.”

“थायलंड?”

“त्याच्यापेक्षा जास्त.”

“मंग हे देश काय आमदारासाठी काढलेत का?”

तक्त्यात शेवटी नेपाळ होता. तिथे आपल्याला व्हिसा लागत नाही व राहून कामधंदाही करता येतो, असे मी वाचले होते. अप्पा म्हणाले, “तितं पशुपतिनाथ हाय. मंग परका मुलूख कसा म्हणायचा?”

परंतु ३१४० रुपयांत तिथेही भागत नव्हते. परदेशी राहणाऱ्या निवृत्तांनी कमाई कशी करावी याच्या याद्या इंटरनेटवर आहेत. त्यानुसार आम्ही प्रयत्न केले. इंग्रजी शिकवणे जमण्यासारखे नव्हते. योग शिकवण्यासाठी अप्पांनी केंद्रात पद्मासन घालून दाखवले. ते सोडवायला बाहेरून दोन माणसे बोलवावी लागली. प्रवासावर लेख लिहून पैसे मिळतात, म्हणून त्यांनी बीड ते माजलगाव असा एक लेख लिहिला. त्यात सगळे थांबे, प्रत्येक टप्प्याचे तिकीट आणि हाफ तिकिटाचे वय, एवढे होते. लेख बिनचूक होता. तो कोणी घेतला नाही.

मार्ग माझ्या आईने दाखवला. ती म्हणाली, “यात्रेची माणसं चौथ्या दिवशी देवाच्या आधी भाकरीचं नाव घेत्यात. तितं आपल्या गाड्या कमी जात्यात का?” काकूंच्या हातची भाकरी आईने पाहिली होती. तिने फक्त पिठलं पातळ करायला सांगितले, आणि नेपाळात यात्रेकरूंसाठी खानावळ काढायचे ठरले.

केदारभाऊंनी आईवडिलांना यात्रा कंपनीच्या गाडीने काशी व नेपाळला पाठवायचे ठरवले. ते पंचायत समितीच्या तिकिटासाठी प्रयत्नात आहेत. यात्रेकरू परतल्यावर आमच्याकडे मावंदं घालतात, म्हणजे यात्रेकरूंचे पाय धुऊन पूजा होते व गाव जेवते. ९ नोव्हेंबर ही मावंद्याची तारीख त्यांनी गाडी निघायच्या आधीच धरली. निमंत्रणपत्रिका मीच छापली. ते दोघे परत येणार नाहीत हे तेव्हा मला माहीत होते का, असे विचारल्यावरून सांगते की, माहीत होते. पत्रिकेत “यात्रेहून परतल्याबद्दल” असा मजकूर होता. मी “यात्रा केल्याबद्दल” असा सुचवला व केदारभाऊंनी तो पसंत केला. खोटे छापणे मला जमत नाही.

गाडी ६ ऑक्टोबरला नेकनूरहून अडतीस यात्रेकरू घेऊन निघाली व २४ ऑक्टोबरला छत्तीस घेऊन परत आली. दोन रिकाम्या सीटवर गंगाजलाचे दोन कॅन होते. त्याच गाडीतल्या सावित्रीबाई सांगत होत्या, “नेपाळात पोखऱ्याच्या अल्याड उतरले. मी म्हणलं, चला. तर गंगासागर म्हणती, मला बसू द्या की जरा ह्यांच्याजवळ.” केदारभाऊंनी गावात सांगितले की अप्पा काशीला विश्रांती घेत आहेत.

पत्रिका वाटून झाल्या होत्या व एक मोठे पुढारी येणार होते. पुढाऱ्यांचे नाव लिहू नये, असे साहेबांनी सांगितले, म्हणून लिहिले नाही. मावंद्याच्या दिवशी केदारभाऊंनी मला बोलावून सांगितले, “फोनवर लाव दोघांला. पाय न्हाईत तर तोंड तरी दिसू दे लोकाला.” मी १२ वाजून १० मिनिटांनी कॉल लावला व मोबाईल पाटावर उभा केला. सूनबाई त्याच्यासमोर ताम्हणात पाणी सोडणार होत्या, म्हणून मी तो आधी प्लास्टिकच्या पिशवीत घातला. हळदकुंकू पिशवीला लागले.

स्क्रीनवर अप्पा उभे होते, खांद्याला कंडक्टरची जुनी बॅग. मागे काकू चुलीपुढे बसलेल्या. बाकांवर चाळीसेक माणसे जेवायला बसली होती. ती लातूरकडच्या गाडीची होती, असे नंतर कळले. पुढारी हात जोडून म्हणाले, “अप्पा, धन्य झाला तुमचा लेक. दर्शन कवा देता? कवा येताव?”

अप्पा म्हणाले, “थांबा साहेब, पंगत भरलीय.” तिथे त्यांनी एस.टी.सारखी दोरीची घंटी बांधली आहे. एक घंटी दिली की वाढणे थांबते, दोन दिल्या की सुरू होते. त्यांनी दोरी दोनदा ओढली व फोनकडे वळून म्हणाले, “गाडी सुटली, साहेब.” कॉल बंद झाला.

मंडपात सुमारे तीनशे लोक होते. किती हसले ते मी मोजले नाही. पुढारी न जेवता गेले.

दुसऱ्या दिवशी केदारभाऊंनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली. त्यात मी त्यांच्या आईवडिलांना “फूस लावून पळवले” असे शब्द आहेत. अप्पांचे वय मी वर दिलेच आहे. दोघांना आठ दिवसांत परत आणावे, म्हातारा दुकानात व म्हातारी बीडला असावी, अशी त्यांची मागणी आहे. ते जिवंत आहेत का, अशी शंकाही लिहिली आहे. त्यावर सांगते की, ३ नोव्हेंबरला अप्पांनी मी सांगितल्याप्रमाणे तिथल्या मोबाईलवर चेहरा दाखवून हयातीचा दाखला भरला असून सरकारने तो स्वीकारला आहे.

आज सकाळी साहेबांनी ठाण्यातून अप्पांना कॉल लावायला सांगितला. अप्पा म्हणाले, “आमी आमच्या मर्जीनं आलोत, लिहून घ्या.” मग चष्मा वर करून म्हणाले, “सुग्रीव ना तू? कॉलेजला असताना मागच्या दारानं उतरून पळायचास बे.” हे वाक्य काढून टाकावे असे साहेबांचे म्हणणे आहे. जबाब जसा घडला तसा असावा असे माझे म्हणणे आहे.

त्यानंतर काकूंनी फोन घेतला. त्या म्हणाल्या, “केदारला म्हणा, ये. दोन दिस राहा, जेव. पर न्यायला येऊ नको.” अप्पा बाजूला येऊन बसले. साहेबांनीही बराच वेळ फोन बंद केला नाही.

पूर्ण पत्ता मला माहीत आहे. तो देणार नाही, कारण काकूंना शब्द दिला आहे. याबद्दल जी कारवाई असेल ती मला मान्य आहे. तिकडे ज्वारी कोण पाठवते, असे विचारल्यावरून सांगते की, मी पाठवते. प्रत्येक यात्रेकरू आपल्या पिशवीत पाच किलो नेतो. नाक्यावर कोणी विचारले तर आमचे खाणे आहे असे सांगतो, आणि ते खरे आहे, कारण पुढे तोच ती खातो.

तक्रारीत माझ्या आईचेही नाव आहे. उद्या अकरा वाजता तिला जबाबासाठी घेऊन ये, असे साहेबांनी सांगितले. तिला आणता येणार नाही. काकूंचे एकटीचे हात पुरत नाहीत, असा निरोप मावंद्याच्या रात्री आला होता. आई म्हणाली, “मी कुठं जाती? तुला भाकर कोण घालील?” तेव्हापासून मी भाकरी थापायला शिकत आहे. अजून गोल येत नाही. काल, १२ तारखेला, मी बीडच्या बस स्टँडवरून तिला यात्रेच्या गाडीत बसवले. सोबत तिने घरची काठवट नेली आहे.

हा जबाब मला वाचून दाखवण्याची गरज पडली नाही. ठाण्यातला संगणक बंद असल्याने मीच तो माझ्या लॅपटॉपवर टंकला आणि साहेबांना दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे तो बरोबर व खरा आहे.

सही
प्रियदर्शनी अंगद मस्के, बी.ए.