ताईचा सबवूफर

आमच्या वसुधाताईचं सांगतो. ती फिजिक्स शिकवायची, तबला वाजवायची. मग आजारपणात कान पूर्ण गेले. तरी गाडीत सबवूफर, म्हणजे घुमणाऱ्या खालच्या आवाजाचा स्पीकर, लावायचाच, म्हणाली.

आमच्या फ्रीगंज बाजारातला दुकानदार ॲम्प्लिफायर दाखवत मला म्हणाला, "भैया, हज़ार वॉट का है."

ताईने त्याचे ओठ वाचले. "मुझसे कहिए. हज़ार तो पलभर का है. मेरा सबवूफर तीन सौ वॉट का, चार ओम का है. उस पर ये लगातार कितना देगा?"

डब्यावर सलग दीडशेच लिहिले होते. ताईने तो नाकारला, दुसराही नाकारला. तिसरा जुळला.

सगळं बसवून झाल्यावर मी गाडीत तबल्याचं रेकॉर्डिंग लावलं. ताईने सीटवर तळहात टेकवून डोळे मिटले. हळूहळू तिची बोटं समेवर अचूक पडू लागली.

"डग्गा लागतोय हाताला," ती म्हणाली. "घरी जरा लांबच्या रस्त्याने ने."